घरात वटवाघूळ शिरलं तर काय करायचं: नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

हे वाचताना तुमच्या खोलीत खरोखरच वटवाघूळ घिरट्या घालत असेल, तर पुढच्या चार ओळी वाचा आणि कामाला लागा. बाकीचं नंतर निवांत वाचता येईल.

आधी पंखा बंद करा. लहान मुलं आणि कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत न्या. खोलीचं आतलं दार ओढून घ्या, बाल्कनीचं दार किंवा सगळ्यात मोठी खिडकी जाळीसकट पूर्ण उघडा. ट्यूब मालवा. झाडू, टॉवेल, बॅट काहीही हातात न घेता भिंतीला लागून गप्प उभे राहा, नाहीतर सरळ खोलीबाहेर या. बहुतेक वेळा पाव ते अर्ध्या तासात ते आपलं आपण निघून जातं. आणि काहीही झालं तरी उघड्या हाताने त्याला धरू नका.

आता सविस्तर.

इथेच हे जास्त का होतं

पाथर्डी फाटा, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोडचा पुढचा भाग, जिथे आज नवीन सोसायट्या उभ्या राहतायत, तो सगळा कालपरवापर्यंत मळ्यांचा पट्टा होता. अजूनही कितीतरी इमारतींच्या कंपाउंडपलीकडे द्राक्षबाग किंवा पेरूची झाडं दिसतात. रस्त्याकडेला वड, उंबर, पिंपळ, कडुनिंब आहेत. गोदावरी आहे, तिला मिळणारी नासर्डी आणि वाघाडी आहे, पाटाचं पाणी आहे. पाणी म्हटलं की चिलटं-डास आले, आणि चिलटं-डास आले की ती खाणारी छोटी वटवाघळं आलीच. जुन्या गावात, म्हणजे पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा या बाजूला, वाड्यांच्या लाकडी आढ्यांत आणि कौलांखाली त्यांना दिवसभर लपायला जागा मिळते. नवीन इमारतीत तेच काम पाइपांची डक्ट, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक आणि लिंटेलवरची फट करते. मुंबईच्या पंधराव्या मजल्यावर जे कधी दिसलं नाही ते इथे दुसऱ्या मजल्यावर दिसलं, तर त्यात तुमच्या घराचा काही दोष नाही.

घरात शिरतात ती मुख्यतः दोन प्रकारची. पहिलं, किडे खाणारं चिमुकलं वटवाघूळ. आपल्याकडे काही जण त्याला पाकोळी म्हणतात. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याहूनही कमी. उडताना पंख पसरलेले असतात म्हणून ते मोठं वाटतं. मिटून पडद्याला लटकलं की अंगठ्याएवढं दिसतं. दुसरं, फळं खाणारं मध्यम आकाराचं, कुत्र्यासारखं तोंड आणि मोठे डोळे असलेलं. त्याचे पंख पसरले की दीड फूट भरतात. ते पेरू, चिकू, निंबोळ्यांच्या मागे येतं आणि चुकून बाल्कनीतून आत घुसतं. वडावर दिवसा शेकड्यांनी उलटी लटकलेली, चार फुटांहून जास्त पंखांची मोठी वटवाघळं तुम्ही पाहिली असतील. ती घरात जवळजवळ कधीच येत नाहीत.

हा प्रसंग कधीही येऊ शकतो, पण दोन वेळा जास्त. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्यांचा थवा ट्यूबभोवती जमतो, त्यांच्या मागे वटवाघूळ उघड्या खिडकीतून आत येतं. आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते पावसाळ्यात पिल्लं उडायला शिकत असतात. त्यांना अजून वळणं जमत नाहीत. घरात सापडलेल्यांत अशी वाट चुकलेली पिल्लं बरीच असतात.

भीतीबद्दल थोडं, कारण भीतीमुळेच चुकीची कामं होतात. वटवाघूळ केसांत अडकत नाही. ते आंधळंही नाही; फळं खाणाऱ्याला तर रात्री आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. घरात वटवाघूळ आलं म्हणून घरावर संकट येत नाही, शांत करावी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटत असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आधी वटवाघूळ बाहेर जाऊ द्या, नंतर देवापुढे दिवा लावायचा तर लावा. फक्त त्या भीतीपोटी कुणाला काठी उचलू देऊ नका.

पायरी पहिली: पंखा

बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका. घरात शिरलेल्या वटवाघळाला सगळ्यात मोठा धोका आपल्या डोक्यावरच्या पंख्याचा असतो. पातं लागलं की पंखाचं हाड मोडतं आणि मोडलेल्या हाडाचं वटवाघूळ पुन्हा उडेल याची शाश्वती फार कमी. शिवाय जखमी होऊन खाली पडलेलं वटवाघूळ चावण्याची शक्यता जास्त. धडधाकट, उडणारं वटवाघूळ तुमच्या अंगाशी येत नाही.

मला असे फोन येतात तेव्हा समोरून बहुतेक एकच वाक्य ऐकू येतं: "दादा, ते पंख्याभोवती फिरतंय, आम्ही सगळे पलंगाखाली बसलोय!"

"ताई, आधी पंख्याचं बटण बंद करा."

"अहो, पण बटण त्याच भिंतीला आहे."

"भिंतीच्या कडेकडेने जा. ते मधोमध खाली येतं, भिंतीशी आल्यावर वर चढतं. कडेने गेलात तर ते तुमच्या जवळही येणार नाही."

हे खरंच असं असतं. छोट्या खोलीत फेऱ्या मारताना ते मध्यावर उंची गमावतं आणि भिंतीजवळ वळताना वर उचललं जातं. त्यामुळे खोलीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की ते डोक्यावर झडप घालतंय. ते झडप घालत नाही, जागा शोधतंय. बटण बंद केल्यावरही पाती थांबायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्या पाच सेकंदांत करा. स्वयंपाकघरात शिरलं असेल तर एग्झॉस्टचा पंखाही विसरू नका, आणि गॅसवर उघडी कढई असेल तर तिच्यावर झाकण टाका.

पायरी दुसरी: एकच वाट मोकळी

त्याला घरभर फिरू दिलं तर ते देवघरात, माळ्यावर, कपाटामागे जाऊन बसेल आणि मग शोधत बसावं लागेल. म्हणून आतलं दार लावा, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबा. दोन दारं असतील तर दोन्ही.

मग बाहेरची वाट. नवीन फ्लॅटमधल्या सरकत्या खिडक्या निम्म्याच उघडतात आणि त्या निम्म्यात बहुतेक वेळा डासांची जाळी येते. जाळीचा पल्ला सरकवला आहे ना, हे हात लावून खात्री करा; घाईत माणसं काच सरकवतात आणि जाळी तशीच राहते. ग्रिलमधून छोटं वटवाघूळ सहज जातं, पण फळं खाणाऱ्याला ते अवघड, म्हणून बाल्कनीचं दार असेल तर तेच उघडा. पडदा पूर्ण एका बाजूला करून गाठ मारा. मोकळा लोंबणारा पडदा दिसला की ते तिथेच लटकतं आणि खिडकी एका हातावर असूनही सापडत नाही.

दिवे मालवायचे कारण सोपं आहे. किडे खाणारं वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतं. त्याला अंधाराची अडचण नाही, उलट उजेडात ते बिथरतं. फळं खाणारं मुख्यतः डोळ्यांवर आणि वासावर चालतं. आत अंधार केला की बाहेरचं आकाश त्याला जास्त उजळ दिसतं आणि ते तिकडे ओढलं जातं. बाल्कनीतला दिवाही बंद ठेवा. तुम्हाला दिसावं म्हणून पॅसेजमधला एखादा मंद दिवा पुरेसा आहे. टॉर्च त्याच्या तोंडावर मारू नका.

पायरी तिसरी: थांबा

खरं अवघड काम हेच. घरात सगळे जमलेले असतात, कुणीतरी म्हणतं चादर टाकून धरू, कुणी म्हणतं पावडर मारू. काही करू नका. टीव्ही बंद, बोलणं हळू. अर्धा तास द्या.

अर्ध्या तासातही गेलं नाही तर दार तसंच लावून, खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या खोलीत झोपा. रात्रभरात ते बाहेर पडण्याची शक्यता भरपूर असते. सकाळी आत जाताना पंखा लावायच्या आधी खोली नीट बघा: पडद्याच्या घड्या, पेल्मेट, भिंतीवरच्या फोटोंची मागची बाजू, कपाटाचा वरचा भाग, एसीच्या वरची खाच, खुंटीला टांगलेले कपडे. खुंटीवरचा शर्ट झटकून मगच घाला. कुठेच सापडलं नाही तर ते गेलं.

लटकून बसलं असेल तर

हे हाताने करायचं काम आहे, पण मोकळ्या हाताने नाही. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत असतं. त्यांच्याकडे वेल्डिंगचे चामडी हातमोजे असतात, ते मागून घ्या. बागकामाचे जाड मोजेही चालतील. किराणा दुकानातले पातळ प्लॅस्टिकचे मोजे निरुपयोगी. छोट्या वटवाघळाचे दात त्यांतून आरपार जातात.

एक रुंद तोंडाचा रिकामा डबा घ्या. श्रीखंडाचा किलोचा डबा छान बसतो, आरपार दिसणारा मिळाला तर आणखी बरं. सोबत जाड पुठ्ठा. सगळ्यात उत्तम म्हणजे जुनी लग्नपत्रिका, कारण ती कडक असते आणि कडा गुळगुळीत असतात. डबा हळूच वटवाघळावर पालथा धरून भिंतीला टेकवा. मग पत्रिका भिंत आणि डब्याच्या मधून सरकवायला सुरुवात करा. इथे घाई केली तर त्याचा पाय किंवा पंखाचं टोक चेपतं. ते नखांनी भिंतीला धरून असतं. पत्रिका पायाला लागली की ते एकेक पाय उचलून पत्रिकेवर घेतं. त्याला तो वेळ द्या. आतून बारीक चिकचिक आवाज येईल, तोंड उघडून दात दाखवेल. घाबरलेलं असतं म्हणून. तुमचा हात बाहेर आहे, डबा बंद आहे, काही होत नाही.

पडद्यावर बसलं असेल तर आणखी सोपं: पडद्याचा तेवढा भाग डब्यात घेऊन मागून पुठ्ठा लावा, किंवा पडदाच रॉडवरून उतरवून सैल गुंडाळून बाल्कनीत न्या आणि कठड्यावर उलगडून टाका.

सोडताना दोन गोष्टी. ते हवेत भिरकावू नका, आणि जमिनीवर ठेवू नका. बहुतेक वटवाघळांना सपाट जमिनीवरून उडणं जड जातं. उंचावरून खाली सुटून मग ती पंख पसरतात. म्हणून खरखरीत सालीच्या झाडाच्या खोडाला, आपल्या डोक्याच्या उंचीवर, डब्याचं तोंड टेकवा आणि पत्रिका काढा. ते खोड धरून वर चढेल, थोडा वेळ थांबेल, मग उडेल. झाड नसेल तर बाल्कनीच्या उंच कोपऱ्यात डबा आडवा ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला.

दिवसा सापडलं तर

भर दुपारी सोडू नका. कावळे टपलेले असतात, घारी असतात. बुटाच्या खोक्यात एक सुती फडकं घाला, झाकणाला पेन्सिलीच्या टोकाने बारीक भोकं पाडा, खोकं चिकटपट्टीने नीट बंद करा. आत बाटलीच्या झाकणात चमचाभर पाणी ठेवा, त्याहून जास्त नाही. दूध, पोळी, केळं असलं काही घालू नका. खोकं थंड, अंधाऱ्या, मुंग्या नसलेल्या जागी ठेवा. मुंग्यांचं मी मुद्दाम सांगतोय. अशक्त वटवाघळाला मुंग्या लागल्या तर ते वाचत नाही. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपली जुनी पद्धत इथे कामी येते. अंधार पडला की वर सांगितल्याप्रमाणे सोडा.

नाशिकच्या थंडीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहूनही खूप खाली. अशा वेळी छोटं वटवाघूळ शरीराचं तापमान उतरवून निपचित पडून राहतं. माणसाला वाटतं मेलं. मखमलाबादला एका घरात थंडीच्या सकाळी असं एक खिडकीच्या चौकटीत सापडलं होतं. हात लावला तर गार, हालचाल नाही. घरच्यांनी त्याला कचऱ्यात टाकायची तयारी केली होती. खोक्यात फडक्यावर ठेवून खोकं उबदार खोलीत नेलं. थोड्या वेळाने त्याच्या पाठीवरची लव थरथरताना दिसली, अगदी बारीक, सतत. ती थरथर म्हणजे ते स्नायू हलवून स्वतःला गरम करत असतं. मग कान ताठ झाले, डोकं वळलं, आणि संध्याकाळी झाडावर लावल्यावर ते उडून गेलं. म्हणून थंडीत निपचित सापडलेलं वटवाघूळ आधी उबेला ठेवा. हीटरपुढे किंवा उन्हात नाही, नुसत्या खोलीच्या उबेला. गरम झाल्याशिवाय त्याला बाहेर सोडलं तर ते दगडासारखं खाली पडेल.

पंख लोंबतोय, रक्त दिसतंय, किंवा अंगावर केस नसलेलं पिल्लू आहे, असं असेल तर घरी उपचार करू नका. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिच्यावर फोन करा आणि ते सांगतील तोवर खोक्यात ठेवा. पिल्लू सापडल्यावर आईची जागा माहीत असेल, म्हणजे वरच्या फटीतूनच पडलंय असं दिसत असेल, तर अंधार पडताना फडक्याला लटकवून त्या फटीजवळ उंचावर ठेवून बघा. आई येऊन उचलून नेते असं होतं. पाळायचा मोह मात्र नको. फळं खाणारी वटवाघळं पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती, त्यामुळे त्यांना कुणीही मारलं तरी चालायचं. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. संधिवातावर किंवा दम्यावर औषध म्हणून वटवाघळाची चरबी मागायला कुणी आलं, तर त्याला ठामपणे नकार द्या. त्या औषधाला काही आधार नाही.

चावलं किंवा ओरखडलं तर

इथे जराही हयगय नको. जखम कितीही बारीक असो, वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. वर हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. जंतुनाशक लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा नाशिकरोडला असाल तर बिटको, जिथे कुत्रा चावल्यावरची लस देतात तिथे. सांगताना "काहीतरी चावलं" असं न सांगता वटवाघूळ चावलं असं स्पष्ट सांगा, कुठे, केव्हा, कातडी फाटली का, तेही.

भारतात माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्यामुळे. वटवाघळापासून माणसाला रेबीज झाल्याचं आपल्या देशात सिद्ध झालेलं नाही. पण नागालँडमधल्या वटवाघळांत त्या गटाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा चावा गंभीर गटातच धरते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही. म्हणून लस घ्यायची की नाही हे घरी बसून, शेजाऱ्यांना विचारून ठरवायचं नाही; ते डॉक्टरांनी ठरवायचं. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या किंवा बोलून सांगू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत सकाळी वटवाघूळ सापडलं, तर चाव्याची खूण दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. छोट्या वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की खूण नजरेतून सुटते. घरच्या कुत्र्या-मांजराने वटवाघूळ तोंडात धरलं असेल तर त्याचं लसीचं कार्ड घेऊन पशुवैद्याकडे जा.

निपाहबद्दल लोक विचारतात. केरळमध्ये २०१८ साली कोझिकोडकडे साथ आली तेव्हापासून ही धास्ती आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं; महाराष्ट्रात माणसांत त्याची साथ आलेली नाही. यातून घरी करायचं काम छोटं आहे: झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाही, मुलांनाही तेवढं शिकवायचं. बाजारातून आणलेली द्राक्षं, पेरू, चिकू नीट धुऊन खा, बस्स.

लेंड्या साफ करणं

उंदराच्या आणि किडे खाणाऱ्या वटवाघळाच्या लेंड्या सारख्याच दिसतात. ओळखायचं असेल तर कागदावर घेऊन काडीने दाबा: उंदराची कडक राहते, वटवाघळाची भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. फळं खाणाऱ्याची घाण वेगळी. भिंतीवर पिवळट-तपकिरी फरांटे, बिया, आणि चावून रस पिऊन थुंकलेले चोथ्याचे चपटे गोळे.

वाळलेली घाण कोरडी झाडू नका, तिची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. माळ्यावर किंवा बंद खोलीत खूप साचली असेल तर विशेष काळजी, कारण अशा ढिगात बुरशी वाढू शकते. मास्क लावा, साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग ओल्या फडक्याने गोळा करून पिशवी बांधून टाका. वाड्यात वर्षानुवर्षांचा थर असेल तर घरच्या दमेकऱ्याला त्या कामाला लावू नका.

पुन्हा पुन्हा येत असेल तर

एकदा आलं तर तो योगायोग. आठवड्यात दोनदा आलं तर त्यांचं राहायचं ठिकाण तुमच्या भिंतीत असण्याची शक्यता आहे. शोधायची पद्धत अशी: सूर्यास्ताच्या वेळी इमारतीपासून थोडं लांब उभं राहा आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर भिंतीची कड बघत राहा. उजेड मावळताना एकामागून एक बाहेर पडताना दिसतात. त्या भोकाखाली भिंतीवर तेलकट डाग आणि लेंड्या असतात. दीड सेंटिमीटरची फट त्यांना पुरते, म्हणून "एवढ्याशा भोकातून कसं येईल" असं म्हणून कुठलंही भोक सोडू नका.

भोक दिसल्या दिसल्या सिमेंट थापू नका. आतली आत कोंडून मरतात, वास महिनाभर जात नाही, आणि वाट न मिळालेली घरात येतात. मार्च ते ऑगस्ट पिल्लांचा काळ धरा आणि तेव्हा काही करू नका. त्यानंतर, आत पिल्लं नाहीत याची खात्री झाल्यावर, भोकावर जाळीचा पडदा लावा: वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का, खालून फूटभर मोकळा लोंबता. बाहेर पडणारं जाळीखालून सरकून निघतं, परत आलेल्याला वाट सापडत नाही. आठवडाभर तसं राहू द्या, संध्याकाळी एकही निघत नाही हे पाहून मगच भोक बुजवा. धुरी, डांबरगोळ्या, फटाके या सगळ्यांनी ती पांगतात आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये शिरतात.

बाल्कनीच्या छताला रात्री येऊन लटकणारं आणि खाली चोथा टाकणारं फळखाऊ वटवाघूळ ही तक्रार जून-जुलैत वाढते, निंबोळ्या पिकतात तेव्हा. ते तिथे राहत नाही, झाडावरून फळ आणून तिथे बसून खातं. छताला हूक, वायर, कपड्यांची दोरी असं धरायला काही असेल तर ते काढा, काही रात्री बाल्कनीचा दिवा चालू ठेवा, खाली जुना कागद अंथरा. निंबोळ्या संपल्या की येणं आपोआप थांबतं. यासाठी खर्च करून कुणाला बोलावण्याची गरज मला तरी कधी वाटली नाही.

तार, जाळी, मांजा

विजेच्या तारेला लटकलेलं वटवाघूळ काठीने काढायला जाऊ नका, ओल्या काठीने तर मुळीच नाही. महावितरणच्या १९१२ वर कळवा.

द्राक्षबागेवर टाकलेल्या सैल, बारीक धाग्याच्या जाळीत फळखाऊ वटवाघळं अडकतात. तुमच्या बिल्डिंगशेजारी बाग असेल तर मळेवाल्या दादांशी बोला. ताणून बांधलेली, बारीक छिद्रांची जाळी द्राक्षंही राखते आणि त्यात काही अडकतही नाही. त्यांचं नुकसान खरं असतं, हे मान्य करूनच बोला. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा झाडांवर राहतो आणि महिनोन्‌महिने पक्षी नि वटवाघळं त्यात गुरफटतात. अशा वेळी जाड कापडाने शरीर अलगद धरून धागा कात्रीने तुकड्या-तुकड्यांत कापा, ओढू नका. पंखाच्या पडद्याला पडलेली बारीक भोकं भरून येतात, पण ओढून मोठा फाटलेला पडदा भरून येणं अवघड असतं. धागा मांसात रुतला असेल तर तोही काढू नका, तसाच १९२६ वाल्यांच्या हवाली करा.

आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघेलच. कुणीतरी म्हणेल, गेटजवळचा उंबर तोडला की वटवाघळं बंद होतील. शहरातलं झाड महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ पासून तसा कायदा आहे, हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा. आणि हेही सांगा की त्या उंबरावर येणारी वटवाघळं फळांसाठी येतात, घरात शिरणारी बहुतेक किड्यांमागे येतात. झाड गेलं तरी ट्यूबभोवतीचे किडे राहणारच. त्याऐवजी मीटिंगमध्ये दोन ठराव करून घ्या: डक्टच्या तोंडांना जाळी बसवायची, आणि जिन्यातले पांढरे प्रखर दिवे बदलून पिवळे मंद लावायचे. दोन्हींचा खर्च झाड तोडण्याच्या भानगडीपेक्षा कमी येतो.